मेंदूच्या गाठींचे एमआरआय वाचायला शिकताना

प्रगत तंत्रांची घाई करू नका. सुरुवातीचे काही महिने टी१, टी२, फ्लेअर (एमआरआयच्या मूलभूत प्रतिमांचे प्रकार) आणि कॉन्ट्रास्टनंतरच्या (शिरेतून प्रतिमा उजळवणारे औषध दिल्यानंतरच्या) प्रतिमा शांतपणे वाचण्यात गेले, तर ते वाया गेले असे मुळीच समजू नका. त्यानंतर डिफ्यूजन, म्हणजे ऊतींतील पाण्याच्या रेणूंची हालचाल दाखवणारे तंत्र, पक्के करा. गळूतला पू डिफ्यूजन प्रतिमेत सहसा उजळ आणि एडीसी नकाशावर (त्याच हालचालीचे मोजलेले प्रमाण दाखवणाऱ्या प्रतिमेत) गडद दिसतो, गाठीतला मृत भाग बहुधा तसा दिसत नाही. एवढा एक फरक नीट ओळखता आला, तरी रुग्णाच्या उपचारांची दिशा बदलू शकते.

नवशिक्यांच्या हातून या चुका वारंवार होतात:

- कॉन्ट्रास्ट न घेणारी गाठ कमी श्रेणीचीच (कमी आक्रमक) असते असे मानणे.
- परफ्यूजनमध्ये (गाठीतला रक्तपुरवठा दाखवणाऱ्या तंत्रात) रक्ताचे प्रमाण वाढलेले दिसताच उच्च श्रेणी लिहून टाकणे. ऑलिगोडेंड्रोग्लिओमा हा मेंदूच्या गाठीचा प्रकार कमी श्रेणीचा असूनही त्यात ते वाढलेले असू शकते.
- स्पेक्ट्रोस्कोपीचा (ऊतीतील रसायनांचे प्रमाण आलेखात दाखवणाऱ्या तंत्राचा) मोजणीचा चौकोन हाडाला किंवा रक्तस्रावाला खेटून ठेवणे आणि बिघडलेल्या आलेखावरून कोलीनबद्दल (गाठीत सहसा वाढणाऱ्या रसायनाबद्दल) अनुमान काढणे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात आयडीएच या जनुकाच्या चाचणीसारख्या जनुकीय चाचण्यांना मोठे स्थान आहे, म्हणून श्रेणीचा अंदाज अंदाज म्हणूनच नोंदवा आणि पॅथॉलॉजीचा निकाल आला की स्वतःचा अहवाल आवर्जून पुन्हा वाचा. ट्रॅक्टोग्राफी (मेंदूतील तंतूंचे मार्ग दाखवणारे तंत्र) तूर्त बाजूला राहू द्या.