तांबं वर, जस्त खाली: रिपोर्टातल्या बाणांचं करायचं काय?

प्रश्न : माझे वडील ६१ वर्षांचे आहेत. मार्चमध्ये त्यांच्या मेंदूतली गाठ काढली, तपासणीत ग्लायोब्लास्टोमा (मेंदूचा झपाट्याने वाढणारा कर्करोग) निघाला. सध्या रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या गोळ्या चालू आहेत. एका आहारतज्ज्ञांनी सांगितलं म्हणून ‘ट्रेस एलिमेंट प्रोफाइल’, म्हणजे रक्तातल्या सूक्ष्म धातूंची तपासणी, केली. तांब्यापुढे वर जाणारा बाण, जस्त आणि सेलेनियमपुढे खाली येणारा. ‘शरीरात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस फार आहे’ असं म्हणून त्यांनी जस्त, सेलेनियम, व्हिटॅमिन सी आणि ई यांच्या कॅप्सूल दिल्यात. पाकिटं आणून ठेवलीत, अजून फोडली नाहीत. रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारायचा संकोच वाटतो. सुरू करू का?
– सौ. मं. ज., कराड

उत्तर : ताई, नका फोडू. आणि संकोच तेवढा सोडा. पुढच्या खेपेला ती पाकिटं पिशवीत घालून न्या आणि रेडिएशनच्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. ‘हे देऊ का?’ एवढं विचारलं की झालं. असली पाकिटं त्यांनी ढिगाने पाहिलेली असतात.

आता कारणं. आधी त्या बाणांबद्दल बोलू, कारण निवृत्त होईपर्यंत माझा जन्म रुग्णालयाच्या बायोकेमिस्ट्री लॅबमध्ये असलेच बाण छापण्यात गेला. रक्तातलं नव्वद टक्क्यांहून जास्त तांबं सेरुलोप्लाझ्मिन नावाच्या प्रथिनात बांधलेलं असतं. हे प्रथिन यकृत तयार करतं, आणि शरीरात कुठेही दाह असला, जखम भरत असली, जंतुसंसर्ग झाला, गाठ वाढत असली, की जास्त तयार करतं. गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्यांवरही ते वाढतं. जस्ताचं याच्या उलट. दाहाच्या काळात ते रक्तातून यकृतात ओढलं जातं, शिवाय अल्ब्युमिन नावाच्या ज्या प्रथिनावर ते रक्तात फिरतं तेही आजारपणात उतरतं. सेलेनियमही अशा वेळी खाली येतं. कवटी उघडून शस्त्रक्रिया झालेल्या माणसाचं तांबं वर आणि जस्त खाली दिसलं नसतं, तर मी नमुन्यांची अदलाबदल तर झाली नाही ना, हे आधी पाहिलं असतं.

नमुना कसा घेतला हेही विचारून पाहा. या तपासणीसाठी गडद निळ्या टोपणाची वेगळी नळी लागते. साध्या नळीच्या रबरी बुचातूनच जस्त रक्तात उतरतं. रक्त ओढताना लाल पेशी फुटल्या तरी जस्ताचा आकडा फुगतो, कारण त्या पेशी जस्ताने भरलेल्या असतात. जेवणानंतर तो खाली येतो. आमच्याकडे काचेची भांडी रात्रभर नायट्रिक आम्लात बुडवून, मग धातुविरहित पाण्याने खळाखळा धुवून घेत असू. नवीन मुलगा आला की पहिला महिना त्याचा यातच जायचा. इतकी सोवळी तपासणी नेहमीच्या पॅकेजमध्ये ‘सोबत करून टाका’ म्हणून केली, तर त्या बाणांवर मी तरी औषध देणार नाही.

तुमचे आहारतज्ज्ञ हवेत बोलले असं मात्र मी म्हणणार नाही. मेंदू वजनाने शरीराचा जेमतेम दोन टक्के, पण ऑक्सिजन वापरतो वीस टक्क्यांच्या आसपास. त्यात तो चरबीचा, आणि तीही पटकन खवट होणाऱ्या जातीची. ऑक्सिजन वापरताना त्याचे थोडे बिथरलेले रेणू तयार होतातच; ते आवरेनासे झाले की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. हायड्रोजन पेरॉक्साइडला मोकळं लोह भेटलं की हायड्रॉक्सिल हा त्यातला सगळ्यात जहाल रेणू निघतो. या विक्रियेचं मूळ हेन्री फेंटन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाच्या १८९४ सालच्या कामात आहे. या रेणूंना आवरणारी विकरं (एन्झाइम) आपल्या पेशींत असतात आणि ती धातूंवरच चालतात. १९६९ मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी जे सुपरऑक्साइड डिसम्युटेज ओळखलं, त्याच्या पोटात तांबं आणि जस्त असतं. मायटोकॉन्ड्रिया या पेशीतल्या ऊर्जाघरात त्याचं जे भावंड असतं, त्यात मँगेनीज. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या आणखी एका विकराला सेलेनियम लागतं. तेव्हा सूक्ष्म धातू आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस यांचं नातं खरं आहे, आणि मेंदूच्या गाठींच्या रुग्णांत हे आकडे बदललेले दिसतात असं सांगणारे छोटे अभ्यास बरेच आहेत. पण त्यांत गाठ झाल्यानंतरचं रक्त तपासलेलं असतं. गाठीमुळे आकडा बदलला की आकड्यामुळे गाठ आली, हे त्यावरून कसं कळणार?

ते कळायचा एक रस्ता आहे : आकडा मुद्दाम बदलायचा आणि आजार बदलतो का ते पाहायचं. तांब्याच्या बाबतीत हे करून झालंय. गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटायला तांबं लागतं, म्हणून अमेरिकेत ग्लायोब्लास्टोमाच्या ४० रुग्णांना कमी तांब्याचा आहार आणि तांबं बाहेर काढणारं पेनिसिलामाइन दिलं. निष्कर्ष २००५ मध्ये छापून आले. रक्तातलं तांबं ठरवल्याप्रमाणे उतरलं, पण रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही. त्याच वर्षी ५७३ रुग्णांवरच्या दुसऱ्या चाचणीत रेडिएशनला टेमोझोलोमाइडची जोड दिल्याने आयुष्य वाढतं हे सिद्ध झालं. तुमच्या वडिलांना आत्ता मिळतंय ते हेच.

आता रेडिएशन. किरण पेशीत शिरतात तेव्हा डीएनएवर थेट आदळून जेवढं काम होतं, त्याहून जास्त काम पाण्याचे रेणू फोडून होतं. त्यातून निघतो तो आपला मघाचाच हायड्रॉक्सिल, आणि तो डीएनए तोडतो. म्हणजे रोज दुपारी वडिलांना त्या यंत्राखाली झोपवतात ते गाठीत ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस निर्माण करायलाच. एकीकडे तो निर्माण करायचा आणि घरी येऊन चमच्याचमच्याने विझवायचा, हा कसला व्यवहार? कॅप्सूलमधलं किती मेंदूपर्यंत पोचतं हा वादाचा विषय आहे, मान्य. पण कॅनडात डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या ५४० रुग्णांना रेडिएशनच्या काळात आणि नंतर व्हिटॅमिन ई दिलं, त्यातल्या काहींना सुरुवातीला बीटा-कॅरोटीनही होतं. रेडिएशनचा तात्पुरता त्रास थोडा कमी झाला, पण गाठ त्याच जागी परतण्याचं प्रमाण वाढीकडे झुकलेलं दिसलं. तो आजार वेगळा, पण एवढं पाहिल्यावर मी माझ्या घरच्या माणसाला ती कॅप्सूल दिली नसती.

आणखी एक गोष्ट, पाकिटावर नसलेली. जास्त जस्त महिनोन्‌महिने घेतलं तर आतडं तांबं शोषून घेईनासं होतं. तांबं फार उतरलं की पांढऱ्या पेशी घटतात, रक्त कमी होतं, पाय बधिर होतात, चाल डगमगते. आता हीच लक्षणं तुमच्या वडिलांत दिसली तर काय होईल? पांढऱ्या पेशींचा दोष टेमोझोलोमाइडवर जाईल आणि चाल बिघडल्याचा गाठीवर. पुन्हा एमआरआय, पुन्हा घरभर घोर, आणि कारण कपाटातल्या डबीत. सेलेनियम दिवसाला ४०० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की केस गळतात, नखं ठिसूळ होतात, श्वासाला लसणासारखा वास येतो.

जेवणातून मात्र काही तोडू नका. ज्वारीची भाकरी, डाळ, उसळ, तीळ-शेंगदाण्याची चटणी, चालत असेल तर अंडं, मासा. यातून जस्तही जातं आणि सेलेनियमही. सूज उतरवायला डेक्सामेथासोन चालू असेल तर त्याने भूक खवळते आणि साखर चढते. साखरेचा तो आकडा मात्र नेमाने तपासा. साडेसातीसारखा मागे लागणारा तो आहे, तांबं नव्हे.

प्रश्न : मेव्हण्यांना मेनिंजिओमा (मेंदूच्या आवरणाची गाठ) झालाय. आमच्या घरी तीन पिढ्या रात्री तांब्याच्या कळशीत भरून ठेवलेलं पाणी पितो. तांब्यामुळे गाठ होते असं वाचलं. कळशी मोडीत काढावी का?
– र. वि. पा., पेण

उत्तर : कळशी राहू द्या. पिण्याच्या पाण्यात लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत तांबं चालतं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि रात्रभर ठेवलेल्या साध्या पाण्यात ते यापेक्षा खूपच कमी उतरतं. या पाण्याने मेंदूत गाठ होते असा पुरावा नाही. पाण्याने गाठ बरी होते असाही नाही, हे मेव्हण्यांना कुणी सांगायच्या आत तुम्हीच सांगा. आंबट पदार्थ तेवढा त्यात ठेवू नका : ताक, लिंबू-सरबत, चिंचेचं सार. आजी भांड्यांना कल्हई लावून घ्यायची ती उगाच नव्हे. घरात कुणाला विल्सनचा आजार असेल, ज्यात तांबं शरीरातच साठत जातं, तर त्या माणसाने हे पाणी पिऊ नये.

प्रश्न : मी २९ वर्षांचा, आयटीत. मामांना मेंदूचा ट्यूमर होता. भीती वाटून केसांची ‘मिनरल टेस्ट’ केली, सेलेनियम आणि जस्त दोन्ही प्रचंड जास्त आलं. आता शरीर ‘डिटॉक्स’ करायचं पॅकेज घ्यायला सांगताहेत.
– अ. दे., डोंबिवली

उत्तर : तुम्हाला कोंडा आहे का हो? कोंड्याच्या काही शाम्पूंत सेलेनियम सल्फाइड असतं, काहींत झिंक पायरिथिओन. ते केसाला चिकटून बसतं आणि यंत्र तेच मोजतं. बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाचा. पैसे वाचतील.

मामांच्या आजाराबद्दल : मेंदूच्या बहुतेक गाठी घराण्यात उतरत नाहीत. न्यूरोफायब्रोमॅटोसिस, ली-फ्रॉमेनी यांसारखे मोजके आनुवंशिक आजार आणि लहानपणी डोक्यावर घेतलेलं रेडिएशन, ही नक्की माहीत असलेली कारणं. तुमच्या पत्रात यातलं काही नाही. आणि ‘प्रतिबंध’ म्हणून अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस कमी करणाऱ्या, गोळ्याही सुरू करू नका. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी व्हायच्या ऐवजी १८ टक्क्यांनी वाढला होता. आयुष्यात पहिल्यांदा फिट आली, किंवा पहाटे उठल्या-उठल्या डोकेदुखी आणि उलटी असं पुन्हापुन्हा व्हायला लागलं, तर न्यूरॉलॉजिस्टकडे जा. तोवर शाम्पू बदलायचीही गरज नाही, कोंडा जात असेल तर.