काटा पुढं पळतो, गाडी मागं राहते

वाचक विचारतात : गाडी आणि गॅरेज

प्रश्न : मी सेकंडहँड पोर्शे 718 केमन घेतली आहे. कंपनीच्या कागदावर टॉप स्पीड 275 आहे. परवा पहाटे हायवे मोकळा बघून दाबली, तर काट्यावर 240 आणि मोबाईलच्या जीपीएसवर 229. मित्र म्हणतात, मीटर गंडलंय, विकणाऱ्यानं फसवलं. मीटर दुरुस्त करून घ्यावं का? आणि 275 खरंच निघतात का, हे साताऱ्याच्या आसपास कुठं तपासता येईल?
– एक वाचक, गोडोली, सातारा

उत्तर : मीटर ठणठणीत आहे. विकणाऱ्याला फोन करून भांडू नका. मित्रांना मात्र चहा पाजून गप्प बसवा.

युरोपात विकल्या जाणाऱ्या गाड्यांना संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक 39 लागू होतो. खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचं नाही, ही त्याची पहिली अट. जास्त दाखवलेलं चालतं, पण खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक 4 किलोमीटर एवढंच. गाडी खरोखर शंभरनं चालली असेल तर काटा 114 वर गेला तरी नियमात बसतो. हाच हिशेब तुमच्या 229 ला लावला तर काट्याला 255 पर्यंत मुभा होती. तुमचा काटा फक्त 11 नं पुढं आहे, म्हणजे बराच सज्जन आहे.

कंपन्या काटा मुद्दाम पुढं ठेवतात, कारण गाडीला स्वतःचा वेग थेट कळतच नाही. तिला कळतात फक्त चाकाचे फेरे. एका फेऱ्यात किती अंतर कापलं, हे टायरचा घेर गृहीत धरून ठरवलेलं असतं. नव्या टायरची नक्षी साधारण 8 मिलिमीटर खोल असते, ती 1.6 पर्यंत झिजली की तुमच्या गाडीच्या मागच्या चाकाचा घेर जवळजवळ दोन टक्क्यांनी आखडतो. मग तेवढ्याच वेगाला फेरे वाढतात, काटा आणखी पुढं. रिम मोठी बसवली की काटा चुकतो, असं बरेच जण समजतात. तसं नाही. तुमच्या मॉडेलला मागं 265/45 आर 18, 265/40 आर 19 आणि 265/35 आर 20 असे तिन्ही टायर येतात (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा कडेची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटचा रिम इंचात), आणि बाहेरचा व्यास तिन्हींचा 69 सेंटिमीटरच्या थोडा वर, जवळपास सारखाच. रिम वाढते तेवढा रबर कमी होतो. कुणी 20 च्या रिमवर 40 चा टायर चढवून दिला असेल तर मात्र घेर पावणेचार टक्क्यांच्या आसपास वाढतो आणि काटा उलट मागं पडायला लागतो. म्हणून आधी टायरच्या कडेवरचे आकडे वाचा.

काटा तपासायला 80 चा वेग पुरतो. नागठाण्याकडून उंब्रजकडे जाताना, रस्त्याचं काम नसेल अशा पट्ट्यात, क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप धरून ठेवणारी सोय) असेल तर तो लावून काटा 80 वर धरा. शेजारी बसलेल्या माणसाच्या हातात स्टॉपवॉच द्या, स्वतः घड्याळाकडे बघायचं नाही. किलोमीटरच्या दगडांवर पाच किलोमीटर मोजा. वेग खरा 80 असेल तर 225 सेकंद लागतील. 235 लागले तर 18,000 भागिले 235, खरा वेग 76.6. एकाच किलोमीटरवर भागवू नका. बटण दाबण्यात अर्धा सेकंद इकडंतिकडं झाला तर एका किलोमीटरला एक टक्क्यावर चूक येते, पाच किलोमीटरला ती जेमतेम पाव टक्का राहते. शिवाय रुंदीकरणात एखादा दगड हललेला असतो, तोही झाकला जातो. हीच गोष्ट 60 ला जीपीएसवर पडताळा. फरक दोन्हीकडे सारखाच, समजा 3 किलोमीटर आला, तर तो कंपनीनं मीटरमध्ये घातलेला आहे. वेगाबरोबर टक्केवारीनं वाढत असेल तर टायरकडे बघा. जीपीएस सरळ, उघड्या रस्त्यावर चांगला चालतो. खंबाटकीच्या बोगद्यात त्याच्याकडून अपेक्षा करू नका.

आता त्या 229 बद्दल. एवढ्या वेगाला गाडी सेकंदाला 63 मीटरहून जास्त जाते. डिपरचा उजेड साधारण तेवढ्याच अंतरापर्यंत पडतो. पुढचं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला आणि त्यानंतर उत्तम टायर, कोरडा रस्ता धरूनही थांबायला दोनशे मीटर लागतात. गळिताच्या हंगामात पहाटेच्या या रस्त्यावर मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही अशा उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, हे साताऱ्यात राहून मी तुम्हाला सांगायला नको. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 नुसार सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत किंवा वेगाची चाचणी हा गुन्हा आहे. पहिल्या खेपेला तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि हायवेला तो आकडा निघणारही नाही. हवेचा विरोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते. 229 वरून 275 वर जायचं म्हणजे वेग वीस टक्के वाढवायचा, पण त्यासाठी ताकद लागते पावणेदोनपटीच्या आसपास. शेवटचे दहा-वीस किलोमीटर गाडी मुंगीसारखी चढते आणि त्यासाठी कित्येक किलोमीटर रिकामा रस्ता हवा. तो आहे मध्य प्रदेशात, इंदूरजवळ पिथमपूरला. 2021 मध्ये खुला झालेला, नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचा हायस्पीड ट्रॅक 11.3 किलोमीटरचा, 16 मीटर रुंद. वळणं अशी कलती बांधली आहेत की 250 ला स्टिअरिंग ओढावंच लागत नाही. ट्रॅक पैसे भरून वापरायला देतात. साताऱ्याहून साधारण सातशे किलोमीटर. जाण्याआधी टायरवरचं अक्षर बघा. व्ही म्हणजे 240 पर्यंत, डब्ल्यू 270, वाय 300. तुमच्या गाडीला वाय हवा. आधीच्या मालकानं स्वस्तातले व्ही टाकून दिलेले असतील, तर तुमचं त्या पहाटेचं नशीब थोर.

प्रश्न : हॅचबॅकला 195/55 आर 16 च्या जागी 205/60 आर 16 टायर टाकले, गाडी उंच दिसते. पण ॲव्हरेज 16 वरून 15 वर आलं. इंजिनचं काम निघालं का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : इंजिन उघडू देऊ नका. नव्या टायरचा घेर पाच टक्के मोठा आहे. गाडी 105 किलोमीटर चालते तेव्हा मीटरवर 100 पडतात. तुमच्या 15 ला पाच टक्के वाढवा, पावणेसोळा येतात. उरलेला फरक जड, रुंद टायरचा. काळजी दुसरीच करा. पूर्वी काटा चार टक्के पुढं असेल तर आता तो मागं आहे, म्हणजे तुम्ही काट्यावर 80 बघून 80 च्या वर जाताय. पावती कॅमेरा फाडतो, तो तुमचा काटा विचारत नाही. आणि ऑइल बदलायचं ते मीटरवरच्या आकड्याच्या थोडं आधीच.

प्रश्न : टॉप स्पीडचे व्हिडिओ खरे की खोटे, कसं ओळखायचं?
– बारावीचा विद्यार्थी, कराड

उत्तर : डायलवर 320 लिहिलंय म्हणून गाडी 320 जाते, असं आधी डोक्यातून काढ. तोच डायल कमी ताकदीच्या मॉडेललाही बसवलेला असू शकतो. मग व्हिडिओतल्या काट्याकडे बघणं सोड आणि रस्त्याकडे बघ.

ऑक्टोबर 2020 मध्ये अमेरिकेतल्या एसएससी कंपनीनं नेवाडातल्या बंद केलेल्या रस्त्यावर टुआटारा गाडीचा दोन्ही दिशांचा सरासरी वेग 508 किलोमीटर असल्याचं जाहीर केलं. व्हिडिओच्या कोपऱ्यात जीपीएसचा आकडा झळकत होता. काही यूट्यूबरनी रस्त्याकडेच्या खुणांमधलं अंतर नकाशावर मोजलं, ते कापायला व्हिडिओत किती वेळ लागला ते बघितलं, आणि गणित जमेना. त्याच रस्त्यावर 2017 मध्ये कोनिगसेग कंपनीच्या अजेरा आरएस गाडीनं 447 ची सरासरी नोंदवली होती, तिचा व्हिडिओ शेजारी लावल्यावर तर शंका आणखी वाढली. 2021 मध्ये कंपनीनं मान्य केलं की तो वेग गाठलाच नव्हता. त्याच वर्षी फ्लोरिडात पुन्हा चाचणी झाली, तेव्हा सरासरी 455 च्या आसपास आली. दोन्ही दिशांना पळवतात ते वारा आणि उतार यांचा फायदा कापून टाकायला. एकाच दिशेचा आकडा कुणी सांगितला तर दुसऱ्या दिशेचा माग.

तू हेच मोबाईलवर करू शकतोस. व्हिडिओ सेकंदाला 30 चित्रांचा असेल तर ओळखीच्या दोन खुणांमध्ये किती चित्रं गेली ते मोज, 30 नं भाग, सेकंद मिळतात. अंतर मीटरमध्ये भागिले सेकंद, गुणिले 3.6.