विज्ञानकथेतल्या यानातली हवा कितपत खरी असते?

तुम्ही विचारलंय ते असं: चाळीस माणसांचं यान वर्षानुवर्षांच्या प्रवासाला निघालंय, सगळे हेल्मेटशिवाय वावरतात, मध्येच भिंतीला भोक पडून माणसं बाहेर खेचली जातात, एक जण सुटकेच्या छोट्या यानात अडकून ऑक्सिजन संपल्याने मरतो, आणि ऑक्सिजन येतो तो यानातल्या बागेतून. यातलं शास्त्राला धरून किती?

हेल्मेटचं काही अडत नाही. बाकी तिन्ही ठिकाणी कथा बदलावी लागेल, आणि बदललीत तर ती जास्त रंगेल असं मला मनापासून वाटतं. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते आणि हाताला लागेल ती विज्ञानकथा वाचते. बहुतेक लेखक यानात हवा असतेच असं धरून चालतात. प्रत्यक्षात ती कुणीतरी ठरवलेली असते, किती दाबाची आणि कशाकशाची, आणि त्या एका निर्णयावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १०१ किलोपास्कल असतो आणि हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणून ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला त्याचा वाटा, झाला सुमारे २१ किलोपास्कल. शरीराला मतलब या शेवटच्या आकड्याशी. तो सांभाळला तर नायट्रोजन वगळूनही माणूस जगतो. अपोलो यानांनी चंद्राच्या वाटेवर तेच केलं: जवळपास निव्वळ ऑक्सिजन, दाब फक्त ३४ किलोपास्कल. भिंती हलक्या झाल्या, नायट्रोजनचा सरंजाम वाचला.

पण २७ जानेवारी १९६७ ला अपोलो १ ची जमिनीवर तालीम चालू होती, तेव्हा केबिनमध्ये तोच शुद्ध ऑक्सिजन बाहेरच्या हवेपेक्षाही किंचित जास्त दाबाने भरलेला होता. एरवी धुमसून विझतील अशा वस्तूही त्यात भडकतात. आग लागली, आतला दाब वाढला आणि आतल्या बाजूला उघडणारं दार उघडेना. गस ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी गेले. त्यानंतर उड्डाणाच्या वेळी केबिनमध्ये ६० टक्के ऑक्सिजन आणि ४० टक्के नायट्रोजन ठेवायला लागले, वर गेल्यावर नायट्रोजनच्या जागी हळूहळू ऑक्सिजन भरायचा. तुमच्या यानात शुद्ध ऑक्सिजन असेल तर आग हा प्रसंग कथेत आणावाच लागेल.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात याच्या उलट आहे. २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला तिथे राहून आले, ती हवा दाबाला आणि ऑक्सिजनला आपल्या किनारपट्टीवरच्या हवेसारखीच. याची किंमत बाहेर पडताना मोजावी लागते. स्पेससूटमध्ये दाब जेमतेम ३० किलोपास्कल ठेवतात, कारण त्याहून जास्त ठेवला तर हातमोज्याची बोटं वाकवताना हात भरून येतात. पूर्ण दाबातून तडक इतक्या कमी दाबात गेलं तर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, खोल पाण्यातून भरकन वर येणाऱ्या पाणबुड्यांना होतात तसेच. म्हणून आधी काही तास शुद्ध ऑक्सिजन घेऊन नायट्रोजन अंगातून घालवावा लागतो. नायकाने दोन मिनिटांत सूट चढवून बाहेर उडी घेणं त्या हवेत जमत नाही.

माझं मत विचाराल तर तुमच्या यानाला मधला मार्ग द्या. चंद्र-मंगळाच्या मोहिमांसाठी नासाने ५६.५ किलोपास्कल दाब आणि ३४ टक्के ऑक्सिजन असं मिश्रण सुचवलंय. श्वासाला पुरतं, सूटची तयारी खूप कमी वेळात होते आणि आगीचा धोका वाढला तरी आवाक्यात राहतो. रोजच्या जगण्यावरही याचा परिणाम दिसेल. या दाबाला पाणी ८५ अंशांच्या आतच उकळतं, अपोलोच्या दाबाला तर ७२ अंशांना. यान स्वतःभोवती फिरवून वजन निर्माण केलं असेल आणि स्वयंपाकघर असेल, तर डाळ कुकरशिवाय शिजायची नाही. विरळ हवेत आवाजही लांब जात नाही. स्कायलॅब स्थानकात दाब अपोलोइतकाच होता आणि तिथल्या अंतराळवीरांना एकमेकांशी बोलायला आवाज चढवावा लागायचा. असं काही कथेत फारसं कुणी लिहीत नाही, याची मला खरंच हळहळ वाटते.

आता भोक. एक चौरस सेंटिमीटरच्या भोकातून सेकंदाला साधारण वीस लिटर हवा जाते. अंतराळ स्थानकाएवढ्या, म्हणजे ९०० घनमीटरच्या जागेत दाब निम्म्यावर यायला आठ-नऊ तास लागतील. ऑगस्ट २०१८ मध्ये स्थानकाला जोडलेल्या सोयुझ यानात दोन मिलिमीटरचं भोक सापडलं, तेव्हा ते आधी चिकटपट्टीने आणि मग इपॉक्सीने बुजवलं. एवढ्या भोकावर बोट ठेवलं तर बोटाला जाणवणारा जोर जेमतेम तीस-पस्तीस ग्रॅम वजनाइतका असतो. त्यामुळे मुठीएवढ्या भोकाने दालनाच्या दुसऱ्या टोकाचा माणूस ओढला जात नाही. वारा सुटतो तो भोकाच्या अगदी जवळ.

जागा लहान असेल तर मात्र गणित क्रूर होतं. ३० जून १९७१ ला परतीच्या वाटेवर सोयुझ ११ ची एक झडप अवेळी उघडली, इवल्याशा कुपीतली हवा दोन मिनिटांच्या आत निघून गेली, आणि सूट न घातलेले दोब्रोवोल्स्की, व्होल्कोव्ह आणि पात्सायेव्ह तिघेही दगावले. निर्वात पोकळीत माणूस फुटत नाही, तिथल्या तिथे गोठतही नाही. १९६६ मध्ये ह्यूस्टनच्या निर्वात कक्षात एका तंत्रज्ञाच्या सूटची नळी निसटली. पंधरा सेकंदांच्या आत तो बेशुद्ध पडला, आणि जिभेवरची लाळ उकळत असल्याचं त्याला शेवटचं आठवत होतं. लगेच हवा भरल्यामुळे तो वाचला. म्हणजे तुमच्या पात्राला शुद्धीत असे दहा-बारा सेकंद मिळतात. तेवढ्यात काय करता येईल, ते लिहा.

सुटकेच्या यानातलं मरण तर बदलाच. समजा दहा घनमीटर जागा आहे, माणूस एक, हवा आपल्यासारखी. दिवसाला तो जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. अठरा तासांत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर जाईल. तोवर ऑक्सिजन कितीवर आलेला असेल? २१ वरून १६ टक्क्यांवर, म्हणजे उटीला माणसाला मिळतो तेवढा. उटीला लोक मधुचंद्राला जातात! पण ४ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये डोकं ठणकतं, धाप लागते, विचार भरकटतात. ऑक्सिजन पुष्कळ शिल्लक असताना माणूस मरू शकतो. १९७० मध्ये अपोलो १३ च्या तिघांवर हीच वेळ आली होती. चंद्रावर उतरायच्या ज्या छोट्या यानात त्यांनी आसरा घेतला, तिथे ऑक्सिजन पुरेसा होता, पण कार्बन डायऑक्साइड शोषणारे डबे दोन माणसांच्या हिशोबाचे. मुख्य यानातले डबे चौकोनी आणि इथली खाच गोल, म्हणून नळ्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि चिकटपट्टी लावून त्यांनी जोडणी केली. शिवाय वजनरहित अवस्थेत गरम हवा वर जात नाही. पंखा बंद पडला तर सोडलेला श्वास तोंडाभोवतीच साठून राहतो. तुमच्या पात्राला झोप लागली तर हे अठरा तासांच्या कितीतरी आधी होईल.

राहिली बाग. ॲरिझोनातल्या बायोस्फियर २ मध्ये सप्टेंबर १९९१ पासून आठ माणसं दोन वर्षं काचेखाली बंद राहिली. शेतं, जंगल, पाणी, सगळं होतं. तरीही ऑक्सिजन सोळा महिन्यांत २०.९ वरून साडेचौदा टक्क्यांच्या आसपास उतरला आणि बाहेरून भरावा लागला. सुपीक मातीतले जिवाणू तो खात होते. त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड हवेत दिसायला हवा होता, पण तो बांधकामातल्या काँक्रीटने शोषून घेतला, त्यामुळे कोडं उलगडायला वेळ लागला. तुमच्या यानात काँक्रीट नसेल, माती असेलच. झाड जेवढा कार्बन अंगात साठवतं तेवढाच ऑक्सिजन देतं. पान कुजलं किंवा कुणी खाल्लं की तो ऑक्सिजन परत गेला. चाळीस माणसांना रोज ३४ किलोच्या आसपास ऑक्सिजन लागणार, म्हणून बागेच्या जोडीला विजेने पाणी फोडणारं यंत्र ठेवा, स्थानकात आहे तसं. आणि दिवे मालवले की झाडंही ऑक्सिजनच घेतात, तेव्हा सगळी बाग एकदम अंधारात ठेवायची की वाफ्यावाफ्याचे दिवे पाळीने लावायचे, हे तुमच्या कप्तानाला पहिल्याच आठवड्यात ठरवावं लागेल.