हंटिंग्टनमध्ये एका दिवसात काय पाहावे?

प्रश्न : मुलीकडे लॉस एंजेलिसला जात आहे. तेथील हंटिंग्टन ग्रंथालय, कलासंग्रहालय व उद्याने एका दिवसात कशी पाहावीत? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : लॉस एंजेलिसजवळच्या सॅन मरिनो येथील ही संस्था रेल्वे-उद्योजक हेन्री हंटिंग्टन व त्यांच्या पत्नी अरबेला यांनी १९१९ मध्ये स्थापन केली. ऊन चढण्याआधी वाळवंटी उद्यान गाठावे; आपण कुंपणाला लावतो त्या निवडुंगाचे आणि कोरफडीचे इतके नातेवाईक एकत्र क्वचितच भेटतात. दुपारी इंग्लिश चित्रकार गेन्सबरोचे निळ्या पोशाखातील मुलाचे १७७० चे चित्र ‘ब्लू बॉय’ निवांत पाहावे. निळ्या रेशमावरील कुंचल्याचे फटकारे जवळून जवळजवळ विस्कळीत दिसतात आणि चार पावले मागे सरताच त्यांचे वस्त्र होते. क्ष-किरण तपासणीत मुलाच्या पायाशी रंगवून झाकलेला कुत्राही आढळला आहे. ग्रंथसंग्रहात चर्मपत्रावर छापलेले गुटेनबर्ग बायबल (युरोपातील सुरुवातीच्या छापील ग्रंथांपैकी एक) आहे, शिवाय चौदाव्या शतकातील इंग्लिश कवी चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’ या कथासंग्रहाचे एल्समिअर हस्तलिखित आहे, ज्याच्या समासात खुद्द कवी घोड्यावर बसलेला दिसतो. मूळ ग्रंथांची अभ्यासिका मात्र संशोधकांसाठीच असते आणि प्रदर्शनांची मांडणी बदलत राहते, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. मंगळवारी संस्था बंद असते.