कारचे पुढचे शॉकअप घरी बदलायचे, तेही एकट्यानं: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

यावेळी सगळे प्रश्न पुढच्या सस्पेन्शनचेच आलेत, आणि बहुतेकांचं रडगाणं एकच, की घरी धरायला दुसरं माणूस नाही. म्हणून सगळे एकत्रच घेतले.

प्रश्न (अमळनेर): माझी आय-टेन ९०,००० किलोमीटर चाललीय, डाव्या शॉकअपमधून तेल गळतंय. भाऊ पुण्याला असतो, घरी मी एकटाच. जमेल का? आणि डावाच बदलला तर चालेल ना?

जमतं भो. पण एकच बदलू नका, जोडीनंच बदला, नाहीतर एक बाजू कडक आणि दुसरी मऊ होते आणि खड्ड्यात ब्रेक मारला की गाडी वेडीवाकडी वागते. रबर माउंट, त्यातलं बेअरिंग, बंप स्टॉप पण त्याच वेळी नवीन टाका, हे पैसे वाचवायला गेलात तर सहा महिन्यांनी तेच सगळं परत खोलायचं.

आता हेल्परचं. या कामात तो करतो काय, तर धरतो. बस. आणि धरायचं काम दुसरा जॅक आणि दोरी पण करते. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करा, मग दोन्ही पुढची चाकं उचलून गाडी जॅक स्टँडवर (गाडीचा भार पेलणारे लोखंडी टेकू) ठेवा. दोन्ही म्हणजे दोन्ही! एकच बाजू उचलली की आडवा स्टॅबिलायझर बार पिळला जातो आणि लिंक रॉड (हा बार शॉकअपला जोडणारी छोटी दांडी) काढताना तो हातावर झटका देतो, लोक हे करतात आणि मग म्हणतात लिंक रॉड निघतच नाही. लिंक रॉड सुटला की ब्रेकच्या पाइपाची क्लिप, एबीएसची वायर असेल तर ती, शॉकअपवरून मोकळी करा. शॉकअप नकलला (चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग) धरणाऱ्या खालच्या दोन मोठ्या बोल्टच्या जागेवर नेलपॉलिशनं खूण करा, घरात असतंच. मग लोअर आर्मखाली (नकलला खालून धरणारा आडवा दांडा) दुसरा जॅक नुसता टेकवा आणि नकल दोरीनं वर बांधून टाका, कारण बोल्ट निघाल्यावर नकल बाहेर कलंडला तर ब्रेकचा पाइप ताणला जातो आणि ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट पण निसटू शकतो, आणि तो निसटला तर तुमचा रविवार गेला.

खालचे बोल्ट आधी, वरचे छोटे नट शेवटी. शेवटचा नट काढताना डावा हात स्प्रिंगखाली, अख्खा स्ट्रट (शॉकअप, स्प्रिंग, माउंट सगळं मिळून) भरल्या घागरीपेक्षा जड नसतो, एका हातानं पेलतो. बसवताना उलटं, आधी वरून घाला आणि एक नट दोन-तीन आटे हातानं फिरवून अडकवा, की तो तिथं लटकून राहतो आणि तुमचे दोन्ही हात मोकळे. खालची भोकं जुळत नसली तर हातोडी मारत बसू नका, जॅक एकेक दांडा मारून वर घ्या, आपोआप जुळतात.

आणि बॉनेट उघडल्यावर मधोमध जो मोठा नट दिसतो त्याला हात लावायचा नाही. छोटे नट शॉकअपला गाडीच्या बॉडीशी धरतात, मोठा नट दाबलेली स्प्रिंग धरतो. काही गाड्यांत वर एकच मोठा नट असतो, तिथं मॅन्युअल बघितल्याशिवाय पाना उचलू नका.

प्रश्न (चोपडा): आमच्याकडे काँक्रीट नाही, गाडी खळ्यातच उभी असते. जॅक लावला की रुततो. खाली विटा रचून चालेल का?

नाही. वीट किंवा सिमेंटचा ब्लॉक वाकून सांगत नाही, एकदम फुटतो. आपली काळी माती तर अजून फसवी, मे मध्ये दगडासारखी आणि वर एक पाऊस पडला की लोणी. दीड-दोन इंच जाडीची, हात-दीड हात लांब सागाची नाहीतर बाभळीची फळी घ्या, जॅकखाली एक आणि प्रत्येक स्टँडखाली एक. शहाबादी फरशीवर पण हेच करा, नाहीतर फरशी तडकते आणि घरच्यांचं ऐकून घ्यावं लागतं.

अजून एक, बरेच जण गाडी गिअरमध्ये टाकून निवांत होतात. अहो पुढची चाकं हवेत आहेत, इंजिन फिरवतं तीच चाकं, मग गिअर कोणाला धरणार? हँडब्रेक ओढा आणि मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, हायड्रॉलिक जॅकचा वायसर कधी जाईल ते तो कळवत नाही.

प्रश्न (धुळे): स्प्रिंग काढायला स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं हत्यार) घ्यावा का? एकानं सांगितलं साखळी गुंडाळून पण होतं.

ज्यानं सांगितलं त्याला आधी करू द्या, आपण लांबून बघू.

हिशोब करा. ९०० किलोची छोटी गाडी, त्यातला साधारण ६० टक्के भार पुढे, म्हणजे एकेका स्प्रिंगवर पावणेतीनशे किलोच्या आसपास. स्ट्रट बाहेर काढला तरी स्प्रिंग पूर्ण मोकळी होत नाही, ती दाबलेलीच राहते आणि मधल्या नटानं अडकवलेली असते. मी शिकाऊ होतो तेव्हा एका गॅरेजात स्वस्तातल्या कॉम्प्रेसरचा एक हूक घसरला, स्प्रिंग उडून पत्र्याच्या शेडला लागली आणि त्या पत्र्याचा पोचा कितीतरी वर्षं तसाच होता. खाली डोकं असतं तर हे लिहायला मी नसतो.

म्हणून माझं स्पष्ट मत, स्ट्रट घरी काढा, घरीच बसवा, पण मधलं स्प्रिंगचं काम बाहेर करून घ्या. दोन्ही स्ट्रट पोत्यात घाला, नवीन शॉकअप-माउंट सोबत घ्या आणि भिंतीला ठोकलेला मोठा कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजला जा, तासाभरात होतं. गाडी स्टँडवर आहे, म्हणजे जायला शेजाऱ्याची मोटरसायकल सांगून ठेवा आधी, हे लोक विसरतात 😄

तिथं उभं राहून तीन गोष्टी बघा. नवीन शॉकअप दुकानात आडवा पडलेला असतो, तर बसवायच्या आधी उभा धरून तीन-चार वेळा पूर्ण दाबून सोडला पाहिजे. स्प्रिंगचं खालचं टोक ताटलीतल्या खाचेला टेकलं पाहिजे. आणि शॉकअपची चकचकीत दांडी पकडीनं धरू द्यायची नाही, ओरखडा पडला की सील फाटतं आणि नवा शॉकअप वर्षभरात गळायला लागतो.

प्रश्न (पाचोरा): मी शिक्षिका आहे, वॅगनआर माझीच आहे, चाक मी स्वतः बदलते. पण स्ट्रटचा बोल्ट जागचा हलत नाही. सगळे म्हणतात बाईचं काम नाही. खरंच ताकद कमी पडते का?

ताई, तो बोल्ट माझ्यानं पण नुसत्या हातानं हलत नाही. आदल्या रात्री गंजावर डब्ल्यूडी-४० मारून ठेवा, सकाळी लोखंडी ब्रशनं आटे साफ करा. मग गोटी पान्याच्या दांड्यावर दोन-अडीच फुटांचा लोखंडी पाइप चढवा. फुटभर दांड्याला जेवढा जोर लागतो त्याच्या निम्म्यानं काम होतं, कारण लांबी दुप्पट झाली. ओपन पाना वापरू नका, कड मारतो, आणि पाइपला हळूहळू भार द्या, गाडी हलेल असा हिसका नको, ती स्टँडवर आहे. बोल्ट न फिरवता नट फिरवा. लिंक रॉडचा नट नुसताच गोल फिरत असेल तर दांडीच्या टोकाला ऍलन कीचं भोक असतं, तिथं धरा. तेही गेलं असेल तर सरळ ग्राइंडरनं कापा, लिंक रॉड तसाही नवीन टाकायचाच. चष्मा घालून कापा. आणि उन्हाळ्यात दहाच्या आत आटपा, आपल्याकडं पारा ४५ ला टेकला की पाना हातात धरवत नाही, तिथं बाई काय अन् बाप्या काय.

प्रश्न (शहादा): शॉकअप आणि लोअर आर्म दोन्ही स्वतः बदलले. आता स्टेअरिंग वळवलं की टंग आवाज येतो आणि सहा महिन्यांत एका आर्मचा बुश फाटला. माल डुप्लिकेट होता का?

माल असेलही, पण मला बसवण्यात चूक वाटते. उभ्या गाडीत स्टेअरिंग वळवताना टंग येतो म्हणजे स्प्रिंग पिळून उडी मारतेय, एकतर माउंटमधलं बेअरिंग उलटं बसलंय नाहीतर स्प्रिंगचं टोक खाचेत नाही. स्पीड ब्रेकरवर टकटक असेल तर लिंक रॉडचा नट आधी बघा. आवाज कुठल्या बाजूचा ते ऐकायला माणूस नसेल तर मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू करून काचेखालच्या जाळीवर ठेवा, एकदा डाव्या टोकाला, एकदा उजव्या टोकाला, आत बसून स्टेअरिंग फिरवा.

बुशचं, म्हणजे आर्मच्या सांध्यातल्या रबराचं, मात्र नक्की सांगतो. तुम्ही आर्मचे बोल्ट गाडी हवेत असतानाच फुल टाइट केलेत. त्या वेळी आर्म खाली लोंबकळत असतो, रबर त्याच अवस्थेत आवळलं जातं, मग गाडी जमिनीवर आली की ते कायम पिळलेलंच राहतं आणि फाटतं. हवेत नुसते बोटानं लावायचे, चाक जमिनीवर आल्यावर नाहीतर लोअर आर्म जॅकनं तेवढाच वर उचलून, तेव्हा टाइट. कंपनीनं दिलेल्या टॉर्कला (किती जोरानं आवळायचं त्या आकड्याला), अंदाजानं नाही.

प्रश्न (नंदुरबार): नेलपॉलिशची खूण केली तर अलाइनमेंट करायची गरज आहे का?

आहे. खूण अलाइनमेंट होईपर्यंत गाडी सरळ चालण्यापुरती. त्या बोल्टच्या भोकात थोडी ढिलाई असते आणि तेवढ्यानं चाकाचा उभा कल (कॅम्बर) आणि आत-बाहेरचा रोख (टो) हलतो, मग टायर एका कडेनं खातं. चाळीस-पन्नास किलोमीटर चालवा, चाकाचे नट परत एकदा तपासा, आणि मग अलाइनमेंटला न्या, त्याच दिवशी नेऊ नका, स्प्रिंग आणि नवीन रबर जागेवर बसू द्या.