मुंग्या थांबल्या, म्हणजे बरं झालं?

"मंग गोयी कव्हय सुटी?" म्हणजे, मग गोळी कधी सुटणार?

मधुमेहाच्या समुपदेशनाला बसल्यापासून हा प्रश्न मी अहिराणीत, लेवा बोलीत, शुद्ध मराठीत, सगळ्या तऱ्हांनी ऐकलाय. त्याला जोडून दुसरा येतोच. गोळी सोडून कारलं, मेथी, जांभळाच्या बिया, गुळवेल यांवर भागणार नाही का? हे विचारण्यात चूक काहीच नाही. आयुष्यभर रोज गोळी गिळणं कुणाला आवडेल? पण याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून आबांची गोष्ट सांगते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

आबा अमळनेर तालुक्यातले. वय 58, अंगाने किडकिडीत, कापूस आणि दादर ज्वारी पिकवणारे. शुगर निघून अकरा वर्षं झालेली. माघ महिन्यात बाजाराच्या दिवशी आले, सोबत त्यांच्या पत्नी जिजी आणि प्लास्टिकच्या पिशवीत फाइल धरलेली सूनबाई. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, 9.6 आली होती. डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं, पण आबा खुशीत होते. दोन वर्षं तळपायाला मुंग्या यायच्या, रात्री आग व्हायची, अंगावरचं पांघरूणसुद्धा पायाला सहन व्हायचं नाही. आठवडे बाजारातल्या एका जडीबुटीवाल्याची पुडी चार महिने घेतली, जिजी रोज पहाटे कारल्याचा रस देत होत्या, आणि आता सगळं थांबलं होतं.

"मन्हा पाय बरा व्हयी ग्यात," ते म्हणाले. म्हणून गोळ्याही त्यांनी आपल्या मनाने कमी केल्या होत्या. दोन दिवस घ्यायच्या, एक दिवस सुट्टी.

मी चपला काढायला सांगितल्या. डावी चपल काढताना ती पायाला किंचित अडकली. उलटी करून पाहिली तर बाभळीचा काटा तळातून आरपार घुसलेला, टोक लालसर. सकाळी शेतात चक्कर मारून ते तसेच एसटीने आले होते, स्टँडपासून दवाखान्यापर्यंत चालत. अंगठ्याच्या बुडाशी छोटं भोक आणि सुकलेलं रक्त. सूनबाईच्या तोंडून "अरे बापरे" निघालं. आबा मात्र तो काटा दुसऱ्या कुणाच्या चपलेतला असावा तसे बघत होते.

आमच्याकडे पाय तपासायला नायलॉनचा एक जाडसर दोरा असतो. त्वचेला टेकवून दाबला की 10 ग्रॅमच्या जोराला वाकतो. माणसाने डोळे मिटायचे आणि स्पर्श जाणवला की "हो" म्हणायचं. आबांनी डोळे मिटले. मी अंगठ्याला लावला, करंगळीखाली लावला, चवड्यावर तीन ठिकाणी लावला, मग उजव्या पायाला सुरुवात केली.

आबा डोळे मिटूनच म्हणाले, "ताई, करा ना सुरू."

खोलीत कुणी काही बोललं नाही. जिजींनी पदर तोंडाला लावला.

वाढलेल्या साखरेने नसा आणि त्या नसांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या हळूहळू खराब होतात. सगळ्यात लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून सुरुवात तिथून होते. आबांना मी विहिरीवरच्या मोटारीच्या वायरीचं उदाहरण दिलं. वायर खराब व्हायला लागली की आधी ठिणग्या मारते. त्या म्हणजे मुंग्या, आग, टोचणं. पुढे कधीतरी ठिणग्या बंद होतात, तेव्हा वायर दुरुस्त झालेली असेलच असं नाही, तुटलेलीही असू शकते. शुगर नीट आटोक्यात आली की काहींच्या मुंग्या खरोखर कमी होतात, हेही खरं. या दोन्हींतला फरक माणसाला आतून कळत नाही, तो दोऱ्यानेच कळतो. आबांची सरासरी 9.6 आणि दहापैकी आठ जागा मुक्या. पुडी लागू पडली नव्हती, पाय गप्प झाले होते.

कारल्याबद्दल जिजींना आधी सांगावं लागलं की तुम्ही काही विष पाजलं नाही. कारल्यात साखर थोडीफार उतरवणारे घटक आहेत. घोटाळा तिथेच आहे. जे साखर उतरवतं ते औषधच झालं, मग ते मिक्सरमधून आलेलं असो की मेडिकलमधून, आणि औषधाचा हिशेब ठेवावा लागतो. मी विचारलं, कधी अंगाला थरथर, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधार असं झालं का? आबा "नाही" म्हणाले. सूनबाई म्हणाल्या, "दिवाळीआधी बांधावर पडले होते की. उन्हाने चक्कर आली म्हणाले."

त्या सकाळी त्यांनी रस घेतला होता, ग्लिमेपिराइडची गोळीही घेतली होती, आणि मजूर खोळंबलेत म्हणून भाकरी न खाता शेतात गेले होते. साखर मोजायचा मीटर जवळ नव्हता, त्यामुळे छातीठोक सांगता येणार नाही, पण मला ते ऊन वाटत नाही. ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, पोटात काही असो वा नसो. त्यावर उपाशीपोटी कारल्याची भर. साखर 70 च्या खाली गेली की तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, आणि माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठायचा. हे सूनबाईंनी मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

तर कारल्याची भाजी खुशाल खा. रस बंद. मेथीदाणा भिजवून चमचाभर घेतला तर डॉक्टरांच्या कानावर घालून चालेल. त्यातला विरघळणारा चोथा आतड्यात बुळबुळीत थर धरतो, त्यामुळे जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते. पण तो गोळीची जागा घेत नाही. बाजारातली पुडी मात्र त्याच दिवशी थांबवायला सांगितली. लेबल नाही, त्यात काय आहे ते विकणाराही सांगत नाही. अशा पुड्यांत जड धातू, स्टेरॉइड, कधी चक्क शुगरचीच ॲलोपॅथी औषधं मिसळलेली सापडली आहेत. मूत्रपिंडाला आधीच मधुमेहाचा ताण असतो, त्यात ही भर कशाला? मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, शिवाय डोळ्यांचा पडदा या तपासण्या त्यांच्या अकरा वर्षांत एकदाच झाल्या होत्या. त्या वर्षातून एकदा व्हायला हव्यात.

"गोळी म्हणजे केमिकल ना पण?" हा आबांचा शेवटचा बुरूज. मी सांगितलं, तुमची दुसरी गोळी, मेटफॉर्मिन, हिचं मूळ गॅलेगा नावाच्या युरोपातल्या एका झुडपात आहे. त्यातल्या द्रव्यावरून हे औषध घडवलं गेलं आणि 1957 मध्ये फ्रान्समध्ये जाँ स्टर्न या डॉक्टरांनी ते मधुमेहाला वापरल्याचं प्रसिद्ध केलं. झाडपाल्यातूनच आलंय, फक्त मात्रा मोजलेली आहे. आबा हसले. पटलं की नाही, कुणास ठाऊक. मेटफॉर्मिनचीही एक खोड आहे. वर्षानुवर्षं घेतली की बी12 जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, आणि बी12 कमी असलं तरी पाय बधिर होतात. आबा माळकरी, म्हणजे शाकाहारी. डॉक्टरांनी तपासलं, कमीच निघालं, ते सुरू झालं.

आता गोळी सुटण्याचं. काहींची सुटते, हे मी लपवत नाही. ब्रिटनमधल्या डायरेक्ट नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष 2017 मध्ये आले. त्यात काटेकोर आहाराने वजन उतरवणाऱ्या गटातल्या 46 टक्के लोकांची साखर वर्षभरानंतर औषधाविना मधुमेहाच्या रेषेखाली होती. पण ते सगळे वजनदार होते आणि मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आतले होते. आबांचं वजन 57 किलो. उतरवायचं काय? त्यांच्या बाबतीत गोळी सुटणं हे ध्येय ठेवलं असतं तर मी त्यांना फसवलं असतं. तुमची शुगर नुकतीच निघाली असेल आणि पोट सुटलेलं असेल तर मात्र हाच प्रश्न तुमच्या डॉक्टरांना नक्की विचारा.

खाण्याचं बोलताना आबा ठामपणे म्हणाले, "मी गोड खातच नही." चहा? तो गोड थोडाच असतो! दिवसाला सहा कप, कपाला दोन चमचे. बारा चमचे साखर म्हणजे 50 ग्रॅमच्या वर गेली. मधे गुळाचा चहा सुरू केला होता, गूळ चालतो म्हणून. गूळ आणि साखर रक्तात गेल्यावर भावंडंच. चहा दोन कपांवर आला, तोही बिनसाखरेचा, पण त्याला महिना लागला आणि घरात दोन भांडणं झाली.

बाकी त्यांचं ताट मी फारसं बदललं नाही. कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद असतो, म्हणजे चोथाही आला आणि प्रथिनंही. असं तयार अन्न सोडून ओट्स खा म्हणून सांगणं मला जमत नाही. फक्त तीनच्या दोन भाकरी झाल्या, आणि वांग्याचं भरीत किंवा पालेभाजी तोंडी लावण्यापुरती होती ती वाटीभर झाली. शेवभाजी पंधरा दिवसांतून एकदा, तर्री बाजूला सारून. रात्री नऊचं जेवण साडेसातला आलं.

व्यायामाचं नाव काढलं की शेतकरी हमखास दुखावतो. दिवसभर रानात असतो, आणि व्यायाम? खोदून विचारलं तर कळलं की आता शेतात जाणं मोटरसायकलवर आणि काम मजुरांचं. म्हणून जेवल्यावर पंधरा मिनिटं चालणं ठरलं, दोन्ही वेळा. स्नायू चालू लागले की रक्तातली साखर ओढून घेतात, आणि जेवणानंतरच ती सगळ्यात जास्त असते. पण पाय बधिर, म्हणून बूट पुढून झाकलेले आणि मऊ तळाचे, मोजे फिक्या रंगाचे म्हणजे रक्ताचा डाग दिसेल. घालण्याआधी बूट उलटा करून झटकायचा, आत हात फिरवायचा. गरम पाण्यात पाय बुडवण्याआधी पाणी दुसऱ्याने बघायचं. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा 45 ला टेकतो, तेव्हा देवळाच्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा नको. मोजे घालून चालेल का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, विठोबा काही म्हणणार नाही.

तीन आठवड्यांनी आले तेव्हा काट्याची जखम भरली होती. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर आले तेव्हा सरासरी 7.9. पायांची संवेदना मात्र होती तिथेच, दोऱ्याला दहापैकी दोनच "हो". गेलेलं बहुतेक परत येत नाही, आहे ते टिकवायचं, हे मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. त्या दिवशीची खरी घासाघीस पुरणाच्या मांड्यांवरून झाली. खापरावरचा मांडा आणि आमरस, पुरणाचा गूळ एका बाजूने, आंबा दुसऱ्या बाजूने. आखाजीला दोन्ही बंद करा म्हणणाऱ्याचं खान्देशात कुणी ऐकायचं नाही. पाव मांडा आणि अर्धी वाटी रस, त्या जेवणात भात, भजी, कुरडई नाही, मग चालणं. आबा अर्ध्यावर अडून बसले. शेवटी अर्ध्यावर ठरलं.

निघताना सहज जिजींना विचारलं, रोज रात्री आबांचे तळपाय आरशात कोण बघतं? "मीच." आणि तुमची शुगर कधी तपासली? त्या हसल्या. "माले काहीच व्हत नही."

बोट पुढे करायला लावलं. जेवून दोन तास झाले होते. मीटरवर 238. एका आकड्यावर निदान होत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त द्यायचं ठरलं. सूनबाई पुन्हा खाली बसल्या. आबांनी वाकून जिजींची चपल हातात घेतली, उलटी केली आणि तळावरून बोट फिरवून पाहिलं.