केळीच्या सालीचे चमकते कण आणि न लागलेलं दही

प्रश्न : सर नमस्कार. आमचं गाव यावल तालुक्यात, चार एकर केळी अन दोन गाया. मागच्या महिन्यात एकीला दगडी झाली, म्हणजे कास सुजून कडक झाली, डॉक्टरांनी सडात औषधाच्या ट्यूबा भरल्या, तिसऱ्या दिवशी कास उतरली म्हणून दूध डेअरीला घालायला लागलो. घरी त्याच दुधाला विरजण लावलं तर सकाळी पातेलं वाकडं केल्यावर दूध जसंच्या तसं वाहतंय, असं दोनदा झालं. मुलगा जळगावला एमएस्सी केमिस्ट्री करतोय, तो म्हणतो केळीच्या सालीपासून चमकणारे कण बनतात, त्यांनी दुधातलं औषध पकडता येतं. साली तर आपल्याकडे ढिगानं. घरी जमेल का?

उत्तर : भाऊ, पोरगं खरं बोलतंय, पण अर्धं. आणि साली ढिगानं म्हणताय, पण तुमचा माल तर कच्चाच घडासकट ट्रकमध्ये चढतो, साली मागायच्या तर वेफर्सवाल्याकडे जावं लागेल, असो.

साल वाळवून दळतात, पाण्यात कालवून टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या स्टीलच्या बंद डब्यात 180-200 अंशाला काही तास ठेवतात. कुकरचं काम नाही ते, कुकर 120 च्या आसपास थांबतो. गाळून निघतं ते कोऱ्या चहासारखं पाणी, पण त्यावर नोटा तपासायचा जांभळा दिवा मारा, निळं चमकायला लागतं. आत असतात कार्बन डॉट्स, बहुतेक 10 नॅनोमीटरपेक्षाही बारीक कण. 2004 साली अमेरिकेत कार्बनच्या नळ्या शुद्ध करताना हे असेच हाती लागले, कोणी शोधायला गेलं नव्हतं.

आता औषध कसं कळतं? टेट्रासायक्लिन गटातली अँटिबायोटिक्स, म्हणजे जंतू मारणारी औषधं, नेमका त्या दिव्याचाच प्रकाश पिऊन टाकतात, कणांपर्यंत तो पुरता पोचत नाही, मग निळी चमक मंदावते, जितकं औषध जास्त तितकी मंद. पण मंद झालं का नाही हे डोळ्याला पटकन उमगत नाही ना, म्हणून काहीजण त्यात युरोपियम नावाच्या धातूचा क्षार घालतात. टेट्रासायक्लिन त्याला घट्ट धरतं, आपण घेतलेला प्रकाश त्याच्या हवाली करतं आणि ते लाल चमकतं. मग औषध नसेल तर निळं, वाढत गेलं की जांभळट आणि शेवटी लाल. बघायला फार सुंदर दिसतं, मी स्वतः पाहिलंय.

अडचण पुढे आहे. दूध हे काही पाणी नाही, त्यातलं बी-2 जीवनसत्त्व त्याच दिव्याखाली स्वतःच हिरवट चमकतं, फॅट प्रकाश विखरून टाकतं. म्हणून आधी आम्ल घालून दूध फाडायचं, सेंट्रिफ्यूज म्हणजे जोरात गरगर फिरवणाऱ्या यंत्रात फिरवायचं, वरचं नितळ पाणी घेऊन मग टेस्ट. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, सडात भरायच्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा टेट्रासायक्लिन नसतंच, असतात पेनिसिलिनची भावंडं, अँपिसिलिन, क्लॉक्सासिलिन वगैरे. ती हा प्रकाश पितच नाहीत. म्हणजे साधे कण निळे चमकतच राहणार आणि तुम्ही म्हणणार, चला दूध स्वच्छ! त्यांच्यासाठी कणांना अँटिबॉडी (नेमकं तेच औषध ओळखून धरणारं प्रथिन) किंवा डीएनएचा खास तुकडा जोडावा लागतो, ते काम लॅबचं. तुमच्या ट्यूबचं खोकं फेकलं नसेल तर आधी त्यावरचं नाव वाचा, मुलालाही तेच सांगा.

प्रमाण किती बारीक बघा. कोडेक्स, म्हणजे अन्नाची मानकं ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था, तिच्या नियमात टेट्रासायक्लिनला लिटरमागे 100 मायक्रोग्रॅम चालतं, पेनिसिलिन-जी ला फक्त 4. म्हणजे 10 हजार लिटरचा टँकर मर्यादेवर न्यायला 40 मिलिग्रॅम बास झालं. मिठाच्या चिमटीपेक्षाही कमी.

दह्याचं म्हणाल तर तुमचा संशय रास्त आहे, विरजणातले जंतूही अँटिबायोटिकनं मरतात. पण थंडीत किंवा जुन्या विरजणानंही दही लागत नाही, आणि औषध थोडं असेल तर लागतंही. म्हणून दही लागलं म्हणजे दूध शुद्ध, असं धरू नका. डेअऱ्यांच्या लॅबमध्ये याच तत्त्वाची जरा शिस्तीतली टेस्ट चालते, जंतू असलेल्या जांभळ्या जेलवर थेंबभर दूध टाकून 64 अंशाला साधारण तीन तास ठेवायचं, पिवळं झालं तर जंतू वाढले म्हणजे दूध ठीक, जांभळंच राहिलं तर औषध आहे. घाई असेल तर दहा मिनिटांच्या पट्ट्याही मिळतात.

तुमची चूक झाली ती तिसऱ्या दिवशी. कास उतरली म्हणजे औषध उतरलं असं नसतं, शेवटच्या ट्यूबनंतर किती दिवस दूध घालायचं नाही ते लेबलवर लिहिलेलं असतं, नाहीतर डॉक्टरांना विचारा. आणि चारही सडांचं दूध बाजूला काढा, औषध रक्तातून दुसऱ्या सडात थोडंफार जातंच. ते वासराला पाजायचा मोह होतो, तेही नको.

प्रश्न : दूध दोनदा उकळलं तर औषध जातं का? — एक गृहिणी, धुळे

उत्तर : नाही ताई. टेट्रासायक्लिन उकळल्यानं थोडं कमी होतं, पेनिसिलिन तर बऱ्यापैकी तसंच राहतं. उकळून जंतू मरतात, औषध नाही. घरात कोणाला पेनिसिलिनची ॲलर्जी असेल आणि दुधानंतर अंगावर पित्त उठत असेल तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.